संहिता, प्रक्षेप आणि कर्तृत्व : लेओश यानाचेक यांच्या ऑपेरांच्या संदर्भात चेक संगीताभ्यासातील साधनचिकित्सा

प्रस्तावना

पाश्चात्य अभिजात संगीतात रचना ही प्रथमतः लिखित संहिता असते. रचनाकाराने कागदावर उतरवलेले स्वर, नक्कलकाराने काढलेली प्रत, वादकांच्या सुट्या प्रती, मुद्रित आवृत्ती आणि प्रत्यक्ष प्रयोग अशा अनेक टप्प्यांतून ती रसिकांपर्यंत पोहोचते. यातील प्रत्येक टप्प्यावर पाठभेद संभवतात. त्यामुळे एखाद्या रचनेचे विश्लेषण करताना विश्लेषकाच्या हाती कोणती संहिता आहे, ती कोणाच्या हातून गेली आहे आणि तिच्यातील कोणता अंश रचनाकाराचा व कोणता इतरांचा आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. चेक संगीताभ्यासात या प्रश्नाला विशेष महत्त्व प्राप्त झाले ते मुख्यतः लेओश यानाचेक (१८५४-१९२८) यांच्या रचनांमुळे. त्यांच्या ज्या ऑपेरांनी त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली, त्यांपैकी 'येनूफा' आणि 'मृतांच्या घरातून' या दोन ऑपेरा अनेक दशके इतरांनी दुरुस्त केलेल्या स्वरूपातच रंगमंचावर येत राहिल्या.

या इतिहासाची लोकप्रिय मांडणी साधारणपणे अशी असते : प्रतिभावंत रचनाकार काळाच्या पुढे होता, सनातनी संगीतकारांनी त्याची रचना बिघडवली आणि उत्तरकालीन संशोधकांनी ती शुद्ध करून परत आणली. ही मांडणी आकर्षक असली तरी अपुरी आहे. उपलब्ध साधनांची छाननी केली असता दोन्ही ऑपेरांची प्रकरणे मूलतः भिन्न असल्याचे दिसते. त्यांना एकाच मापाने मोजल्यास 'येनूफा'च्या बाबतीत दुरुस्तीकारावर अन्याय होतो आणि 'मृतांच्या घरातून'च्या बाबतीत झालेल्या अन्यायाचे गांभीर्य कमी होते. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'साधन' या संज्ञेचे दोन अर्थ

यानाचेक यांच्यासंबंधीच्या लेखनात 'साधन' किंवा 'स्रोत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि या दोन अर्थांची गल्लत अनेकदा होते. पहिला अर्थ प्रेरणास्रोताचा. यानाचेक यांनी भाषाशास्त्रज्ञ व लोकगीतसंग्राहक फ्रांतिशेक बार्तोश यांच्यासह मोरावियन लोकगीतांचा जो मोठा संग्रह १८९९ ते १९०१ या काळात प्रसिद्ध केला, त्यात २०५७ गीते आहेत. त्याशिवाय बाजारात, रेल्वे स्थानकावर, घरात ऐकलेल्या बोलण्याचे चढउतार ते आपल्या वह्यांमध्ये स्वरांकित करून ठेवीत. १९०३ साली मुलगी ओल्गा मृत्युशय्येवर असताना तिचे अखेरचे उद्गारही त्यांनी असेच टिपून ठेवले. या नोंदी 'बोलीचे स्वर' म्हणून प्रसिद्ध आहेत.

या नोंदींवरून ऑपेरातील गायनरेषा थेट बोलीतून उचलल्या असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु वहीतील नोंद आणि ऑपेरातील स्वरपंक्ती यांच्यामध्ये रचनेची संपूर्ण प्रक्रिया उभी असते. 'येनूफा'च्या पहिल्या अंकात लोकगीतांचे शब्द येतात, पण त्यांची स्वररचना यानाचेक यांची स्वतःची आहे. बोलीच्या नोंदींतून त्यांनी माणसाच्या मनःस्थितीचा आणि आवाजाचा संबंध अभ्यासला. तयार सुरावटींचा साठा केला नाही. म्हणून या वह्यांचे मूल्य रचनाकाराची श्रवणदृष्टी समजून घेण्यासाठी मोठे आहे, पण संहितेतील एखादा पाठ ठरवण्यासाठी त्या उपयोगी पडत नाहीत.

दुसरा अर्थ संहितासाधनाचा : स्वहस्तलिखित, नक्कलप्रत, सुट्या प्रती, मुद्रिते, पत्रव्यवहार. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या अर्थाशी निगडित आहे. ब्रनो येथील मोरावियन संग्रहालयात यानाचेक यांचा जो दप्तरसंग्रह आहे, त्याचा समावेश युनेस्कोने २०१७ मध्ये आपल्या जागतिक स्मृतिनोंदीत केला. एका रचनाकाराची साधने इतक्या प्रमाणात एके ठिकाणी असूनही संहितेचे प्रश्न सुटत नाहीत, हीच या अभ्यासाची खरी अडचण आणि खरे आकर्षण आहे.

'येनूफा' : संमतीने झालेली दुरुस्ती

'येनूफा' हे नाव या ऑपेराला जर्मन अनुवादाने दिले. मूळ चेक शीर्षकाचा अर्थ 'तिची सावत्र मुलगी' असा आहे. गाब्रिएला प्रेइसोवा यांच्या १८९० साली रंगमंचावर आलेल्या नाटकावर ती आधारित आहे आणि नाटकातील गद्य संवाद यानाचेक यांनी पद्यात न बदलता स्वरबद्ध केले. १८९४ ते १९०३ या काळात रचलेली ही ऑपेरा प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने नाकारली आणि २१ जानेवारी १९०४ रोजी ब्रनो येथे तिचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर यानाचेक यांनी स्वतःच संहितेवर पुन्हा हात फिरवला, काटछाट केली आणि १९०८ मध्ये पियानोसाथीसह गायनाची संहिता ब्रनोमध्ये छापली गेली.

प्रागमधील ऑपेराविभागाचे प्रमुख कारेल कोवार्झोवित्स यांनी मात्र ही रचना दीर्घकाळ दूर ठेवली. यामागे एक जुना सल असल्याचे सांगितले जाते. यानाचेक यांनी १८८७ मध्ये कोवार्झोवित्स यांच्या एका ऑपेरावर बोचरे परीक्षण लिहिले होते. अखेर यानाचेक यांच्या चाहत्यांच्या प्रयत्नांमुळे कोवार्झोवित्स राजी झाले, पण संहितेत बदल करण्याच्या अटीवर. २६ मे १९१६ रोजी प्रागमध्ये झालेल्या प्रयोगासाठी त्यांनी काही भाग गाळले आणि वाद्ययोजना अनेक ठिकाणी भरीव केली. अखेरच्या प्रसंगात शिंग व तुतारी वर्गातील वाद्यांत परस्परांना प्रतिसाद देणारी अनुकरणात्मक योजना करून त्यांनी समारोपाला भव्यता आणली. हीच संहिता व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनने मुद्रित केली, माक्स ब्रोड यांच्या जर्मन अनुवादात ती १९१८ मध्ये व्हिएन्नाच्या रंगमंचावर आली आणि तेथून तिने युरोप जिंकला.

चार्ल्स मॅकेरस यांनी १९८२ च्या ध्वनिमुद्रणात आणि पुढे जॉन टायरेल यांच्यासह केलेल्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत १९०८ ची संहिता पुन्हा उभी केली. ती ऐकताना कोवार्झोवित्स यांच्या दुरुस्तीचे स्वरूप लक्षात येते. यानाचेक यांच्या वाद्ययोजनेतील कोरडेपणा, अचानक तुटणारे आकृतिबंध, मधल्या पट्टीतील रिकामी जागा हे सर्व कोवार्झोवित्स यांना उणेपणाचे वाटले असावे. त्यांनी ती जागा भरली. परंतु शेवटच्या प्रसंगात हा भरणा अर्थावर परिणाम करतो. सावत्र आईने केलेली बालहत्या उघड झाली आहे, तिने गुन्हा कबूल केला आहे, गाव निघून गेले आहे. उरलेल्या रिकाम्या घरात येनूफा आणि लात्सा एकमेकांकडे वळतात. १९०८ च्या संहितेत हे वळणे संकोचाचे आहे. दुःख सरलेले नाही, ते सोबत घेऊन दोघे पुढे निघतात. प्रागच्या संहितेतील धातुवाद्यांचा परस्परसंवाद या क्षणाला विजयाचे रूप देतो. दोन्ही समारोप परिणामकारक आहेत, पण ते एकच गोष्ट सांगत नाहीत.

येथपर्यंत लोकप्रिय मांडणी टिकते. अडचण पुढे येते. पहिली अशी, की यानाचेक हयात होते आणि प्रयोगाच्या वेळी त्यांनी हे बदल स्वीकारले होते. रॉयल्टीतील एक हिस्सा कोवार्झोवित्स यांना मिळत असे. १९२० मध्ये कोवार्झोवित्स यांचे निधन झाल्यावर तो हिस्सा त्यांच्या विधवेला देण्यास यानाचेक यांनी हरकत घेतली आणि त्या वादात दुरुस्तीचे महत्त्व कमी लेखले. म्हणजे रचनाकाराचा 'हेतू' म्हणून ज्याचा आधार घेतला जातो, तो १९१६ मध्ये एक आणि १९२० नंतर दुसरा होता. आनंद, कृतज्ञता, अपमान आणि पैसा यांच्या मिश्रणातून व्यक्त झालेली मते संहितानिर्णयाचा एकमेव आधार ठरू शकत नाहीत.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. 'येनूफा'च्या संपूर्ण वाद्यसंहितेचे स्वहस्तलिखित यानाचेक यांनी स्वतःच नष्ट केले. उरली ती योसेफ श्त्रोस या नक्कलकाराची प्रत, वादकांच्या सुट्या प्रती आणि १९०८ चे मुद्रित. श्त्रोस यांच्या प्रतीवर खोडलेले, खरवडलेले, पुन्हा लिहिलेले असे थर आहेत. या थरांमधून १९०८ चा थर वेगळा काढणे हे संपादकाचे काम होते. त्याखालील १९०४ चा थर वेगळा करण्याचे काम पुढे मार्क ऑडस यांनी केले. याचा अर्थ असा, की 'मूळ' म्हणून आज जे सादर होते ते संपादकाच्या विवेकातून सिद्ध झालेले आहे. मॅकेरस व टायरेल यांचे कार्य यामुळे कमी ठरत नाही. परंतु ज्याला शुद्ध मूळ म्हटले जाते तीही एक मांडणीच आहे, हे विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट १९०४ च्या संहितेची. पहिल्या अंकात सावत्र आई कोस्तेल्निच्का स्वतःच्या दुःखद संसाराची हकिकत सांगते आणि येनूफाच्या विवाहाला ती विरोध का करते हे त्यातून कळते. हे निवेदन पुढे वगळले गेले. आजकाल काही दिग्दर्शक ते परत घेतात. नाट्यदृष्ट्या त्याचे समर्थन करता येईल, कारण त्यामुळे ही स्त्री केवळ कठोर न वाटता आधी पोळलेली वाटते. पण १९०८ च्या संहितेत १९०४ चे निवेदन घातल्यावर जी रचना तयार होते, ती कोणत्याही वर्षी अस्तित्वात नव्हती. कोवार्झोवित्स यांच्या भरण्याला प्रक्षेप म्हणणारे समीक्षक या मिश्रणाबाबत सहसा मौन बाळगतात. प्रक्षेपाचा निकष दोन्हीकडे सारखाच लावला पाहिजे.

'मृतांच्या घरातून' : असंमत पूर्तता

फ्योदोर दस्तयेव्हस्की यांच्या सायबेरियातील तुरुंगवासावरील पुस्तकावर आधारलेली ही यानाचेक यांची अखेरची ऑपेरा. संहिता त्यांनी स्वतः रशियन मूळ समोर ठेवून तयार केली आणि १९२७-२८ मध्ये ती स्वरबद्ध केली. उत्तरायुष्यात ते छापील रेघांचा स्वरलेखन कागद वापरत नसत. रिकाम्या रेघा दिसल्या की त्या भरण्याचा मोह होतो, म्हणून लागतील तेवढ्याच रेघा ते हाताने कोऱ्या कागदावर ओढीत. परिणामी या ऑपेराचे स्वहस्तलिखित पाहणाऱ्यास ते कच्च्या आराखड्यासारखे भासते : एका टोकाला अतितार स्वरांतील पिकोलो, दुसऱ्या टोकाला ट्रॉम्बोन, मध्ये बहुतेक पोकळी.

१२ ऑगस्ट १९२८ रोजी ओस्त्रावा येथे यानाचेक यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य ब्रेतिस्लाव बाकाला आणि ओस्वाल्ड ख्लुबना यांनी ही संहिता अपूर्ण असल्याचे मानले आणि वाद्ययोजना भरून काढली. दिग्दर्शक ओता झीतेक यांनी संवादांत व रंगसूचनांत बदल केले. १२ एप्रिल १९३० रोजी ब्रनो येथे झालेला पहिला प्रयोग या स्वरूपातील होता.

यातील सर्वांत दूरगामी बदल समारोपाचा आहे. यानाचेक यांच्या संहितेत गोर्यांचिकोव्ह या राजकीय कैद्याची सुटका होते, कैदी जखमी गरुडाला मोकळे सोडतात, स्वातंत्र्याचा उद्घोष होतो. आणि त्याच क्षणी पहारेकरी उरलेल्या कैद्यांना पुन्हा कामावर हाकलतात. दुरुस्त संहितेत हे हाकलणे गेले आणि ऑपेरा स्वातंत्र्याच्या स्तोत्राने संपू लागली. एका माणसाच्या सुटकेने तुरुंग रिकामा होत नाही, हे मूळ रचनेचे कठोर विधान होते. दुरुस्तीने त्याचे रूपांतर सांत्वनात केले. 'येनूफा'च्या समारोपात भावनेची छटा बदलली होती. येथे आशयच उलटला.

आता साधनांकडे वळावे. शिष्यांनी स्वहस्तलिखिताचा विरळपणा पाहून अपूर्णतेचा निष्कर्ष काढला. परंतु वात्स्लाव सेद्लाचेक आणि यारोस्लाव कुल्हानेक या दोन नक्कलकारांनी यानाचेक यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली वाद्यसंहितेची स्वच्छ प्रत तयार केली होती आणि पहिल्या दोन अंकांवर यानाचेक यांनी स्वतः दुरुस्त्या केल्या होत्या. अखेरच्या दिवसांत तिसऱ्या अंकाचे काम त्यांच्यासोबत होते. तिसऱ्या अंकावरून त्यांचा हात शेवटचा फिरायचा राहिला असेल. पण ज्या दोन अंकांवर तो फिरला होता, तेथेही वाद्ययोजना तितकीच विरळ आहे. म्हणजे विरळपणा हा निवडीचा भाग होता. 'अपूर्ण' हा निष्कर्ष साधनांतून निघालेला नसून वाद्यवृंद कसा भरलेला असावा या पूर्वग्रहातून निघाला होता.

राफाएल कुबेलिक यांनी १९६१ मध्ये म्युनिक येथे मूळ समारोपाकडे परत जाण्याचा प्रयत्न केला. मॅकेरस यांच्या १९८० च्या ध्वनिमुद्रणाने नक्कलप्रतीवर आधारित वाद्ययोजना रसिकांपुढे आणली. टायरेल यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती २०१७ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेराने प्रथम सादर केली. जवळजवळ नव्वद वर्षांनंतर कैद्यांच्या साखळ्यांचा आवाज त्या पोकळ वाद्ययोजनेत जसा ऐकू यावा तसा ऐकू आला.

बाकाला व ख्लुबना यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गुरूची अखेरची रचना रंगमंचावर यावी, ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु ज्याला उत्तर देता येत नाही अशा रचनाकाराच्या मौनाचा अर्थ 'राहून गेले' असा लावणे आणि 'असेच हवे होते' असा लावणे, यांत शिष्याने अधिक सोयीचा पर्याय निवडला. कोवार्झोवित्स यांच्याशी यानाचेक भांडू शकत होते आणि भांडलेही. शिष्यांशी भांडायला ते उरले नव्हते. सद्भावनेने केलेला प्रक्षेप अधिक काळ टिकतो, कारण त्यावर कोणी संशय घेत नाही.

मधले प्रकरण : 'ग्लागोलितिक मास'

या दोन टोकांच्या मध्ये 'ग्लागोलितिक मास' ही रचना उभी आहे. ५ डिसेंबर १९२७ रोजी ब्रनो येथे तिचा पहिला प्रयोग झाला. तालमींच्या काळात संहितेत अनेक बदल झाले. प्रारंभीच्या भागातील गुंतागुंतीची लयरचना सोपी झाली. पॉल विंगफील्ड यांनी हे बदल वादक-गायकांच्या मर्यादांमुळे नाइलाजाने झाल्याचे प्रतिपादन करून तालमीपूर्व संहिता उभी केली. पण तालमीत रचना ऐकून रचनाकाराने केलेला प्रत्येक बदल नाइलाजाचाच असतो, असे गृहीत धरता येत नाही. ऐकणे हाही रचनेचाच भाग असतो. यिर्झी झाह्राद्का यांच्या २०११ च्या आवृत्तीने सप्टेंबर १९२७ ची संहिता आणि अंतिम संहिता या दोन्हींना स्वतंत्र स्थान दिले. हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे, कारण तो वाचकाच्या वतीने निवड करून मोकळा होत नाही.

चिकित्सक आवृत्तीची मर्यादा

मराठी अभ्यासकाला हा सर्व वाद अपरिचित वाटू नये. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्रहाने मांडणारे मोरिझ विंटरनित्स हे पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्राध्यापक होते. ज्या शहरात 'येनूफा' दुरुस्त होऊन रंगमंचावर आली, त्याच शहरात पाठचिकित्सेचा हा पुरस्कर्ता अध्यापन करीत होता. ते कार्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्धीस नेले. त्याचे प्रमुख संपादक वि. स. सुखटणकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले होते, की ही आवृत्ती म्हणजे व्यासांचे मूळ शब्द नव्हेत. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे गाठता येईल असे ते प्राचीनतम रूप आहे.

महाभारताची परंपरा मौखिक आणि बहुकर्तृक, यानाचेक यांची संहिता लिखित आणि एककर्तृक. त्यामुळे पद्धतीचे थेट आरोपण करता येणार नाही. तरीही सुखटणकरांचा संयम येथे मार्गदर्शक ठरतो. संपादकाने आपण कोठवर पोहोचलो आणि कोठे थांबलो हे सांगावे. शिवाय प्रक्षेप टाकून द्यायचे नसतात. ते परिशिष्टात जपायचे असतात, कारण परंपरेने ती रचना कशी ऐकली याचा तो पुरावा असतो. या दृष्टीने कोवार्झोवित्स यांची संहिता रद्दीत जाण्याच्या योग्यतेची नाही. तिनेच यानाचेक यांना प्रागबाहेर नेले, आणि या यशानंतरच त्यांच्या अखेरच्या दशकातील मोठ्या रचना जन्मास आल्या. दुरुस्त 'येनूफा' नसती तर दुरुस्तीपासून वाचवण्याजोगी पुढील यानाचेकही कदाचित इतका विपुल नसता.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्रेरणास्रोत आणि संहितासाधन यांत भेद करणे आवश्यक आहे. बोलीच्या स्वरांच्या वह्या पहिल्या प्रकारात मोडतात; त्यांच्या आधारे संहितेचा निर्णय होत नाही.

२. 'येनूफा'तील दुरुस्ती हयात रचनाकाराच्या संमतीने झाली. तिचे मूल्यमापन कलात्मक निकषांवर व्हावे. तिला केवळ विटंबना ठरवणे साधनांशी सुसंगत नाही.

३. 'मृतांच्या घरातून'मधील पूर्तता संमतीविना झाली आणि रचनाकाराने तपासलेल्या नक्कलप्रतीच्या विरोधात गेली. समारोप बदलल्याने रचनेचा आशय उलटला. या संहितेचे महत्त्व आता केवळ ऐतिहासिक आहे.

४. पुनर्रचित 'मूळ' संहिता ही संपादकीय निर्णयांचे फलित असते. वेगवेगळ्या वर्षांच्या थरांचे मिश्रण करताना तसा स्पष्ट निर्देश असावा.

५. संगीताच्या अध्यापनात एखादे ध्वनिमुद्रण ऐकवताना ते कोणत्या संहितेवर आधारित आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे. अन्यथा विद्यार्थी कोवार्झोवित्स यांच्या तुताऱ्यांना यानाचेक यांची शैली समजून तिचे विश्लेषण करीत राहील.

यानाचेक कोऱ्या कागदावर लागतील तेवढ्याच रेघा ओढीत. जेथे त्यांनी रेघ ओढली नाही तेथे स्वर नाही, आणि तोही त्यांचाच निर्णय आहे. साधनचिकित्सेचे प्रयोजन अंतिमतः हा निर्णय वाचता येण्यात आहे.